एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर: आता काढून टाकलं तरी चालेल

ब्राउझरमध्ये बसवायचं हे एक्स्टेंशन (छोटा जोडप्रोग्राम) मी बरीच वर्षं वापरलं; साइट साध्या एचटीटीपीऐवजी शक्य तिथे एचटीटीपीएसने, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशा एन्क्रिप्टेड कनेक्शनने, उघडायची हे त्याचं काम. जानेवारी 2023 मध्ये ते बनवणाऱ्या ईएफएफनेच (इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणारी अमेरिकन संस्था) ते बंद केलं, तरी कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर अजून पडून असेल म्हणून लिहितोय. वाईट होतं असं नाही हां. 2010 ला आलं तेव्हा कित्येक साइट लॉगिनच्या पानापुरतं एन्क्रिप्शन ठेवायच्या आणि पुढे सगळं उघडं, त्याच वर्षी फायरशीप नावाचं एक्स्टेंशन आलं आणि एकाच वायफायवर बसून दुसऱ्याची कुकी (लॉगिनची ओळख ठेवणारी छोटी नोंद) उचलणं किती सोपंय ते सगळ्यांना दिसलं. तेव्हा याचा खरंच आधार होता.

पण हे एक्स्टेंशनच एन्क्रिप्शन "करतं" हा लोकांचा समज काही गेला नाही. अहो, ते सर्व्हरकडे असावं लागतं! हे एक्स्टेंशन फक्त स्वतःच्या यादीत साइट आहे का बघायचं आणि असली तर रिक्वेस्ट बाहेर पडायच्या आत पत्त्यातल्या एचटीटीपीचं एचटीटीपीएस करायचं, बस. यादीत नसली तर गपचूप साधं कनेक्शन. (सगळीकडे सक्ती करणारा मोड होता, पण तो आपण चालू करायचा.) एकदा एक साइट उघडली तर सगळं विस्कटलेलं, ना रंग ना फोटो, अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की फोटो ज्या सर्व्हरवरून येतात तिथे एचटीटीपीएस धड नव्हतंच. त्या साइटपुरतं एक्स्टेंशन बंद केलं, पान सरळ झालं, सुरक्षाही गेली.

आणि कनेक्शन एन्क्रिप्टेड झालं तरी आपण कुठल्या साइटवर गेलो ते नाव डीएनएसमधून (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) किंवा कनेक्शन जुळतानाच बहुतेक वेळा बाहेर दिसतं, आतलं पान तेवढं झाकलं जातं. फसव्या साइटलाही एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट मिळतं, म्हणजे चोराच्या घरालाही तेच कुलूप. शिवाय ब्राउझरबाहेरच्या अ‍ॅपना याचा काडीचा उपयोग नाही, आणि असलं एक्स्टेंशन टाकायचं म्हणजे सगळ्या साइटचा डेटा वाचायची परवानगी त्यालाच द्यायची, हे मला कायम खटकायचं. ईएफएफवर विश्वास होता म्हणून दिली, पण त्याच कामाचं कुठलंतरी अनोळखी एक्स्टेंशन? नको रे बाबा.

आता फायरफॉक्समध्ये 2020 पासून आणि क्रोममध्ये 2021 पासून हीच सोय सेटिंगमध्ये आहे. चालू केली की एचटीटीपीएस नसलेल्या साइटवर आधी इशारा येतो, नुसतं वाचायचं असेल तर मी पुढे जातो, पासवर्ड मागितला की टॅब बंद.