वॉरगेमच्या टेबलावर काय अंथरावं: फ्लेक्स की निओप्रीन?

वॉरगेम म्हणजे छोटे सैनिक मांडून, फासे टाकून टेबलावर खेळायची लढाई. त्यातल्या वॉरहॅमर ४०,००० या खेळाचा नेहमीचा डाव ६० बाय ४४ इंचांच्या मैदानावर होतो. तेवढा फ्लेक्स पुण्यातला कुठलाही बॅनरवाला हवं ते चित्र छापून स्वस्तात देतो. पण दिव्याखाली तो चकाकतो, घडीच्या रेघेवर छोटा सैनिक तिरका उभा राहतो आणि फासे खडखडत थेट टेबलाखाली जातात.

निओप्रीन म्हणजे माउसपॅडचंच मोठं भावंड. उलगडताच सपाट बसतं, खालचं रबर सरकत नाही, फासा पडला तिथेच थांबतो. महाग आणि जड आहे खरं. पावसाळ्यात ओलसर गुंडाळलं तर कुबट वासही धरतं. चहा सांडला तर फ्लेक्स नुसता पुसला की झालं.

तरी दर रविवारी खेळणाऱ्याने निओप्रीनच घ्यावं. फ्लेक्सच परवडत असेल तर चकाकी नसलेला मागा आणि नळीवर गुंडाळून ठेवा.