अमेरिकेतली जुनी रेडिओ कॉलर की इथला सिमवाला ट्रॅकर?

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला सेम प्रश्न विचारलाय. मेव्हणा सुट्टीला अमेरिकेतून येतोय, तिकडे शिकारी कुत्र्यांच्या जुन्या जीपीएस कॉलर (कुत्रं कुठे आहे ते दाखवणारे गळ्यातले पट्टे) स्वस्तात मिळतात, मागवू का, की इथलाच सिमवाला ट्रॅकर घेऊ? मी दोन्ही वापरलेत आणि दोन्ही सेकंडहँडच घेतले होते, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आधी हे सांगतो की आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे इथे कॉलर लागते ती फक्त कुत्रं हरवू नये म्हणून. माझी कुत्री बिजली कारवान या शिकारी जातीची आहे, समोरून ससा गेला की ती सुटतेच, हाक मारून उपयोग नसतो. सासवडच्या पुढे माळावर एकदा संध्याकाळी पाच वाजता सुटली ती रात्री साडेदहाला सापडली, पाय फाटलेला. ते साडेपाच तास आठवले की अजून पोटात गोळा येतो.

आता रेडिओवाली. गार्मिन कंपनीचा अ‍ॅस्ट्रो किंवा अल्फा हँडसेट आणि सोबत टी ५ सारखी कॉलर, असा सेट असतो. कॉलर उपग्रहांवरून स्वतःची जागा काढते आणि व्हीएचएफ रेडिओवरून, म्हणजे वॉकीटॉकीसारखं, थेट तुमच्या हातातल्या सेटला पाठवते, म्हणजे मोबाईल टॉवर नको, महिन्याचा खर्च नाही, आणि दर अडीच सेकंदाला नवीन जागा दिसू शकते. कंपनी रेंज ९ मैल म्हणजे साधारण १४ किलोमीटर सांगते पण ती मधे काही आडवं नसताना, वेल्ह्याच्या बाजूला डोंगराची एक सोंड मधे आली की सेट गप्प, मग धापा टाकत वर चढायचं आणि तिथून परत बघायचं. तरी वस्तू म्हणून ती एक नंबर आहे, यात वाद नाही.

पण खरी अडचण पुढे आहे. अमेरिकन सेट १५१ ते १५४ मेगाहर्ट्झवर चालतात, त्या फ्रिक्वेन्सी तिकडे बिनपरवाना वापरता येतात, इकडे नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना वापराला मोकळा आहे आणि हे सेट त्यावर चालतच नाहीत. हे मला सेट हातात आल्यावर कळलं, चार-पाच वेळा वापरून झाला होता, मग बंद केला. आणि अल्फा २०० आय किंवा ३०० आय असेल तर मेव्हण्याला स्पष्ट सांगा की आणू नकोस, त्यात इनरीच म्हणजे थेट उपग्रहावरून मेसेज पाठवायची सोय असते, आणि परवानगीशिवाय असलं उपकरण सापडलं म्हणून विमानतळावर लोकांना ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्यात. स्वस्तातल्या कॉलरसाठी पाहुण्याला त्यात कशाला अडकवायचं. शिवाय युरोपातले सेट वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतात, त्यामुळे कॉलर अमेरिकेची आणि हँडसेट जर्मनीचा अशी जोडी एकमेकांशी बोलत नाही.

जुनी कॉलर फोटोत बघून कधीच घेऊ नका. माझ्या कॉलरच्या चार्जिंगच्या पिनांवर हिरवा थर बसला होता, जुन्या टूथब्रशने घासून घासून काढला तेव्हा कुठे चार्ज व्हायला लागली. अँटेना बुडाशी दुमडून दुमडून वरचं आवरण फाटलेलं, आतली तार दिसत होती. बॅटरी २० ते ४० तास चालते म्हणतात, माझी सहा तासांत संपायची, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत चार दुकानं पालथी घातली पण तसा पॅक कोणाकडेच नाही. कॉलर गार्मिनच्याच टीटी सिरीजची असेल तर तिच्यात शॉक द्यायची सोय पण असते, ते धातूचे दोन टोचे दिवसभर मानेवर राहिले तर जखम होते, मी तर ते वापरूच नका म्हणेन.

सिमवाला ट्रॅकर याच्या उलट आहे. जागा तोही उपग्रहावरूनच काढतो पण पाठवतो मोबाईल डेटाने, त्यामुळे टॉवर असेल तर कुत्रं वाघोलीत असू दे की हडपसरला, घरी बसून दिसतं. भूगाव, पाषाण, तळजाई, सासवडचा माळ इथे मला त्रास झाला नाही. पानशेतच्या आतल्या बाजूला आणि ताम्हिणीत मात्र तुटतो. आणि एक लक्षात ठेवा, जीपीएस मिळालं नाही की स्वस्तातले ट्रॅकर टॉवरवरून अंदाजाने जागा दाखवतात, अ‍ॅपमध्ये तिथे एलबीएस असं काहीतरी दिसतं, तो ठिपका एखादा किलोमीटर लांबचा पण असू शकतो. मी एकदा त्याच्या मागे उसात शिरलो होतो, बिजली रस्त्याच्या पलीकडे होती.

सेकंडहँड ट्रॅकर घेताना दोनच गोष्टी बघा पण त्या बघाच. तो २जी आहे की ४जी, कारण २जी असेल तर जिओचं सिम चालणारच नाही. दुसरं, विकणाऱ्याने त्याच्या अकाउंटमधून तो तुमच्यासमोर काढला पाहिजे. माझा पहिला ट्रॅकर आधीच्या मालकाच्या अकाउंटला तसाच अडकून राहिला, त्याने नंतर फोन उचलणं बंद केलं आणि साडेतीन हजार पाण्यात गेले.

तर माझं मत असं की पुण्यात आणि आसपास फिरवणार असाल तर सिमवाला ४जी घ्या, जमलं तर नवाच घ्या, कारण जुन्याची बॅटरी आणि अकाउंट दोन्हीचा भरवसा नाही. रेडिओवाली परवान्याशिवाय घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. घाटात जाणारे असाल तर ट्रॅकरवर विसंबू नका, लांब दोरी, गळ्यात घुंगरू आणि फोन नंबर कोरलेला पितळी बिल्ला, एवढं तरी हवंच. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याकडे तर कुत्रं मोकळं सोडायचंच नाही, तिथे चिंकारा आहेत.

माझा सेट मी पुढच्या फेरीत मेव्हण्याबरोबरच परत पाठवला, तिकडे विकला गेला. पाठवण्याआधी हँडसेटमधले सगळे ट्रॅक आणि घराचा पॉइंट पुसले. माझ्याकडे तो आला होता तेव्हा आधीच्या मालकाच्या घराचा पॉइंट आणि त्याच्या चारही कुत्र्यांची नावं त्यात तशीच होती.