रेशन कार्ड बेळगावात ठेवायचं की चंदगडात?

माझ्या आत्येबहिणीनं परवा फोन करून विचारलं, राहतं घर बेळगावजवळच्या हिंडलग्यात म्हणजे कर्नाटकात, सासरचं घर आणि शेत महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, मग कागदपत्रं कुठली धरायची? आमच्या भागात असली घरं खूप, म्हणून सगळं नीट लिहिते. दोन्हीकडं कार्ड ठेवायचा विचार मात्र डोक्यातनं काढून टाका, आधार एकच असतंय, सापडलं की दोन्ही जातंय.

आधी रोख पैसे. कर्नाटकची गृहलक्ष्मी ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली, महिन्याला २००० रुपये, पण कार्डावर जी कुटुंबप्रमुख तिलाच. म्हणजे बहुतेक घरात सासूला. वय कितीही असू दे, फक्त ती किंवा नवरा इन्कम टॅक्स, जीएसटी भरणारा नको. महाराष्ट्राची लाडकी बहीण २०२४ ची, १५०० रुपये, वय २१ ते ६५, वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत आणि दारात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालतोय. तिथं घरातल्या लग्न झालेल्या बाईला आणि एका बिनलग्नाच्या मुलीला मिळू शकतं. माझ्या बहिणीची लेक २२ ची आहे, तर तिकडं मायलेकीचे वर्षाला ३६,००० होतात आणि इकडं सासूच्या नावावर २४,०००. एवढं बघूनच लोक पत्ता बदलायला धावतात, पण थांबा.

इकडं बस फुकट आहे. जून २०२३ पासनं कर्नाटकचा पत्ता असलेल्या बाईला साध्या बसमध्ये शून्य तिकीट, सिटी बसमध्ये पण. बहीण रोज शहरात कामाला येते, लेक कॉलेजला, दोघींचं जाणं-येणं महिन्याला धरा आणि त्या १२,००० च्या फरकातनं वजा करा, किती उरतंय बघा. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याला नाही म्हणत नाही, पण रोज उठून ती एसटीत कुठं बसणार आहे? शिवाय कर्नाटकात २०० युनिटपर्यंत लाईट बिल माफ, भाड्याच्या घराला पण, फक्त तुमच्या आधीच्या सरासरीवर दहा टक्केच जास्त धरतात. शेतीपंपाची वीज दोन्हीकडं माफ आहे, त्यात फार फरक नाही.

दवाखान्याचं मात्र महाराष्ट्राचं चांगलं आहे. महात्मा फुले योजनेत आता कुठल्याही रंगाचं कार्ड असलं तरी ५ लाखापर्यंत उपचार. कर्नाटकात बीपीएलला ५ लाख, एपीएलला मात्र पॅकेजच्या ३० टक्केच, तेही दीड लाखापर्यंत. घरात कुणाला हार्टचा, किडनीचा त्रास असेल तर ही एक गोष्ट बाकी सगळ्यावर भारी पडते.

आणि पोरांचं शिक्षण. मागास भागातल्या पोरांना शिक्षणात, नोकरीत राखीव जागा देणारं घटनेचं कलम ३७१ जे, त्याचा फायदा कलबुर्गी, बिदरकडच्या जिल्ह्यांना, बेळगावला नाही. आमच्याकडची पोरं अजून पुण्या-बंगळुरूलाच जातात. पण सीमाभागातल्या, महाराष्ट्र आपली म्हणतो त्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला सीमाभागाच्या कोट्यातनं अर्ज करता येतो, सरकारी नोकरीलाही १५ वर्षं त्या गावात राहिल्याचा दाखला चालतो. म्हणजे उलट इकडंच राहिल्याचा पुरावा लागतो! घाईघाईनं चंदगडला कार्ड नेलं तर हाच पुरावा मोडतो, आणि हे कुणी सांगत नाही.

कन्नड फॉर्मचा त्रास खरा आहे. मी स्वतः एका केंद्रात तीन फेऱ्या मारल्या, नाव कन्नडमध्ये चुकलं म्हणून पैसे अडकले. हप्ते उशिरा येणं तर दोन्हीकडं.

बहिणीला मी सांगितलं, तू आणि लेक हिंडलग्यातच राहा, बस सोडू नका, लेकीची बारावीपर्यंतची सगळी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव. दीर आणि जाऊ चंदगडलाच राहतात, त्यांचं कार्ड तिकडं वेगळं असू दे. आणि सासूबाईंना बायपास सांगितलंय, त्या दिराकडं राहायला जाणार असतील तर त्यांचं नाव खरोखर तिकडं हलव, म्हणजे इथनं रीतसर कमी करून. गृहलक्ष्मी त्यानंतर तुझ्या नावावर करायला अर्ज द्यावा लागेल, तो लगेच दे.