रिटुक्सिमॅब की सायक्लोफॉस्फामाइड?

अँका व्हॅस्क्युलायटिस म्हणजे स्वतःच्याच अँटिबॉडीमुळे बारीक रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार. त्यात प्रत्यक्ष नासधूस करतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी. बी पेशींच्या वंशातून बनलेल्या अँटिबॉडी त्यांच्यावरच्या पीआर३ किंवा एमपीओ प्रथिनाला चिकटतात, न्यूट्रोफिल चवताळतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतच विकरं ओततात. लघवीत रक्त-प्रथिनं, खोकल्यातून रक्त ही त्याचीच लक्षणं.

रिटुक्सिमॅब आणि सायक्लोफॉस्फामाइड, दोन्ही औषधं स्टिरॉइडसोबतच देतात. सायक्लोफॉस्फामाइड सरसकट घाव घालतं. शिरेतून साधारण १५ मिग्रॅ प्रतिकिलो, पहिले तीन डोस दर २ आठवड्यांनी, मग दर ३. वय जास्त किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेलं असेल तर मात्रा कमी. पांढऱ्या पेशी सुमारे दहाव्या दिवशी तळ गाठतात, त्यामुळे तेव्हा आणि पुढच्या डोसच्या दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवाच. डोसच्या दिवशी ४,००० च्या खाली असतील तर तो पुढे ढकलतात. पुण्यात पावसाळ्यात एक गोची होते: डेंग्यूतही पेशी घसरतात. म्हणून ताप आला की ‘व्हायरल असेल’ म्हणत घरी थांबू नये, त्याच दिवशी दाखवावं. या औषधानं मूत्राशयाला इजा होते, भरपूर पाणी प्यावं.

रिटुक्सिमॅब फक्त पृष्ठभागावर सीडी२० हे प्रथिन असलेल्या बी पेशी टिपतं. न्यूट्रोफिलना सहसा थेट हात लावत नाही, क्वचित उशिरा त्या घटतात. ३७५ मिग्रॅ प्रतिचौरसमीटर, आठवड्याला एक, असे चार डोस. आधी हिपॅटायटिस बी तपासणी चुकवली तर दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं. लसीही आधीच घ्याव्यात.

मूल हवं असेल किंवा आजार उलटला असेल, तर रिटुक्सिमॅबच बरं. खर्च मात्र जास्त.