मालवण, तारकर्ली की देवबाग: रूम नेमकी कुठे घ्यायची?

मालवणला येणाऱ्या पाहुण्यांचा एक ठरलेला गोंधळ असतो, घरी सांगून निघतात "तारकर्लीला चाललोय", बुकिंग निघतं देवबागचं आणि बघायचं असतं सगळं मालवणातलं. तिन्ही ठिकाणं एकाच रस्त्यावर आहेत, मालवणातून तारकर्ली सहा-सात किलोमीटर आणि तोच रस्ता पुढे देवबागला जाऊन संपतो, म्हणजे बाराएक किलोमीटर धरा. मॅपवर बघून वाटतं कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो. पडतो, आणि बऱ्यापैकी पडतो. मी मालवण शहरातला, त्यामुळे माप थोडं मालवणकडे झुकेल हे आधीच सांगतो, पण सासुरवाडी देवबागची आहे त्यामुळे फार झुकवून चालणार नाही.

पहिला प्रश्न, स्वतःची गाडी आहे का? तुतारी किंवा कोकणकन्या गाडीने, म्हणजे रेल्वेने, कुडाळला उतरून येणार असाल तर तिथून मालवण अजून तीसेक किलोमीटर, एसटी मिळते, रिक्षा मिळते, मालवण स्टँडला उतरलात की बाजार, बंदर, खानावळी सगळं चालत. देवबागला पण एसटी जाते, पण तिच्या वेळेवर तुमचा दिवस बांधला जातो, आणि रात्री मालवणात जेवायला यायचं म्हटलं की जायची-यायची रिक्षा आधीच बोलून ठेवावी लागते, दोन दिवसांत रिक्षाचे पैसे रूमच्या भाड्याशी स्पर्धा करायला लागतात. गाडी असेल तर हा प्रश्न नाही, फक्त नाताळ ते 31 डिसेंबरच्या आठवड्यात तो तारकर्लीचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला घरं आणि कुंपणं, मध्ये एक बस आली की सगळे जागच्या जागी. त्या आठवड्यात मी स्वतः त्या बाजूला जात नाही, सासूबाईंनी बोलावलं तरी.

समुद्राचं बोलू कारण त्यासाठीच येता. मालवणात चिवला बीच आहे, चंद्रकोरीसारखा वळलेला, लाटा कमी, इथे समुद्रात पोहण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धा पण होतात. लहान मुलं असतील तर मला चिवला बरा वाटतो, सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढत असतील तर मुलं दोन तास तिथून हलत नाहीत. पण पांढरी वाळू, लांबच लांब किनारा, मागे सुरुची झाडं असं जे तुम्ही रीलमध्ये बघितलंय ना ते तारकर्ली, त्याला तोड नाही, एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, रिसॉर्ट तिथेच सुरुच्या बनात आहे आणि जागा म्हणून ती सगळ्यात भारी. देवबागचं वेगळंच, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये गावाची चिंचोळी पट्टी, टोकाला नदी-समुद्राचा संगम. संगमाजवळ पाण्यात उतरू नका, अजिबात नाही, तिथे ओढ किती असते ते वरून कळत नाही.

देवबागचं बुकिंग करताना एक गोष्ट नक्की विचारा जी साइटवर कोणी लिहीत नाही. समुद्र तिथली जमीन खात आलाय, म्हणून बऱ्याच भागात किनाऱ्याला दगडांचा बंधारा घातलाय. "सी फेसिंग" म्हणून रूम घेता, पडदा उघडता तर समोर दगड, पलीकडे लाटा, आणि वाळूत पाय टाकायला बाजूच्या वाडीतून चालत जायचं. मालकाला सरळ सांगा की समोरचा आजचा फोटो पाठवा. नाहीतर खाडीच्या बाजूची रूम बघा, लोकांना कळत नाही पण ती बाजू जास्त शांत आहे आणि संध्याकाळी तिथे बसायला जास्त मजा येते, हे माझं मत.

जेवणाच्या बाबतीत दोन्हीकडे उत्तम पण पद्धत वेगळी. मालवणात खानावळीत जायचं, फळ्यावर बघायचं, थाळी मागवायची, नाही आवडलं तर रात्री दुसरीकडे. देवबाग-तारकर्लीला बहुतेक ठिकाणी निवास-न्याहारीचं घर असतं, वहिनी सकाळीच विचारतात जेवायला काय करू, आणि तुम्ही तेव्हा सांगितलंत तरच दुपारी ताटात येतं, एक वाजता जाऊन "काय आहे" विचारलंत तर जे आहे ते. पण घरच्या घावण्यांची आणि नारळाच्या गोड रसातल्या शिरवाळ्यांची (तांदळाच्या शेवया) सर खानावळीला येत नाही, शिरवाळे तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा, मेहनतीचं काम आहे ते. आणि कृपा करून दोन्ही दिवस सुरमई-पापलेटच मागवू नका, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, मोरीचं मटण (मोरी म्हणजे लहान शार्क मासा) हे खा, स्वस्त पण पडतं. शाकाहारी मंडळी उगाच घाबरतात, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे खाऊन बघा मग बोला. खाजा मात्र मालवणच्या बाजारातूनच घ्या.

सिंधुदुर्ग किल्ला समुद्रात आहे, तिथली होडी मालवण बंदरावरून सुटते, त्यामुळे इथे मालवणात राहणारे सरळ जिंकतात. सकाळी लवकर निघालात तर रांग नाही आणि ऊन नाही, देवबागवरून न्याहारी करून येणारे अकरा वाजता पोचतात आणि मग तटावर भाजून निघतात. सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 ला सुरू झालं, 2025 मध्ये किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, तेव्हापासून गर्दी वाढलीच आहे. होडीवाले साधारण तासभर देतात, तेवढ्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, शिवराजेश्वराचं देऊळ आणि महाराजांच्या हाता-पायाचे ठसे एवढं होतं, सगळा तट फिरायचा असेल तर चढतानाच होडीवाल्याशी बोलून घ्या.

याउलट डॉल्फिन, संगम, त्सुनामी आयलंड ही सगळी फेरी देवबागची, तिकडे राहिलात तर दारातून बोट. त्सुनामी आयलंड म्हणजे खाडीतला वाळूचा पट्टा, भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीलाच मजा. आमच्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरती काढतात, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, तासभर इकडेतिकडे. म्हणजे अष्टमीच्या आसपास आलात तर दुपारी वाळू उघडी, पौर्णिमेला आलात तर भर दुपारी पाणी. बोट ठरवायच्या आधी घरमालकाला विचारा, तो बरोबर सांगेल.

स्कूबा दोन्हीकडे होतं. मालवणात बरंचसं किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात करतात, पटकन आटपतं, फोटो-व्हिडिओ मिळतो, हौस म्हणून ठीक. पाण्याची भीती असेल किंवा नीट शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे ते बघा. पाणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वच्छ असतं, मे महिन्यात गढूळ झालं की पैसे देऊन हिरवा रंग बघायचा. आणि लाइफ जॅकेट घालाच, बोटीत माणसं जास्त वाटली तर उतरा, लाजू नका, 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं गेलीत.

तर माझं सरळ उत्तर असं की एक रात्र असेल, गाडी नसेल किंवा सोबत आई-बाबा असतील ज्यांना संध्याकाळी बाजारात फिरायला लागतं, तर मालवण. दोन-तीन रात्री, गाडी आहे आणि काहीही न करता पडून राहायचंय तर देवबाग, त्यातही एक सकाळ लवकर उठून किल्ला करा. फक्त बीचसाठी येताय आणि बाकी कशाचं देणंघेणं नाही तर तारकर्ली. पावसाळ्यात येणार असाल तर तिघांपैकी फक्त मालवण, कारण किल्ल्याची होडी बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, जून-जुलै मासेमारी बंदी, देवबागला चार भिंतींत बसून काय करणार, इथे निदान गरम भजी तरी मिळतील.

तारीख ठरवताना एवढंच बघा की मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेशी गाठ पडत नाहीये ना. ती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते पण तिची तारीख कॅलेंडरवर आधी छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ठरली की मुंबईचे चाकरमानी गाड्या भरून येतात, त्या दोन-तीन दिवसांत मालवण काय कणकवलीपर्यंत रूम मिळणं मुश्कील. जत्रेलाच यायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग तारीख जाहीर झाल्या दिवशीच तिकीट काढा.