ज्वारीचं बिस्कीट म्हणून आणलं, निघाला मैदा

पाकिटावर ज्वारीचं टपोरं कणीस, हिरवा रंग आणि खाली 'महिलांसाठी लोह व फायबर'. सोलापूरच्या नवी पेठेत एका दुकानात दिसलं आणि मी दोन पाकिटं घेतली, 150 ग्रॅमचं एक 70 रुपयाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याच रॅकवर अजून चार कंपन्यांची अशीच पाकिटं होती आणि सगळ्यांची मागची बाजू जवळपास सारखीच.

घेतली ती जाऊबाईंसाठी. त्या युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसतात, सकाळी आठला निघताना चहा आणि चार बिस्किटं, मग एकदम दुपारी दोनला डबा. मागच्या महिन्यात चक्कर आली म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.1, बाईला 12 तरी पाहिजे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि नीट खात जा म्हणले. मला वाटलं, बिस्किटं काय सुटत नाहीत, तर निदान ज्वारीची तरी खाऊ देत.

चवीला चांगली आहेत, ते आधी सांगते. गोड, खुसखुशीत, पोरांनी तर अर्धं पाकीट तिथंच संपवलं. पण बोटाला तेल लागतं आणि दाताखाली ज्वारीचा तो रवाळपणा कुठंच नाही, ज्यानं आयुष्यभर भाकरी थापलीये त्याला हे लगेच कळतं. मग पाकीट उलटं केलं. अक्षरं इतकी बारीक की मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं: मैदा, साखर, पाम तेल आणि मग ज्वारीचं पीठ 9 टक्के. जे वजनाला जास्त ते आधी लिहायचं असा नियमच आहे, म्हणजे ज्वारीपेक्षा साखर आणि तेल दोन्ही जास्त.

हिशोब केला. चार बिस्किटं म्हणजे 40 ग्रॅम, त्यात ज्वारी साडेतीन ग्रॅम, एक छोटा चमचा पीठ. साखर मात्र साडेनऊ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे, चहातली वेगळीच. बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन संस्था सांगते, पुरुषाला 19. ते ह्या चमचाभर पिठातनं कसं मिळणार? वर बिस्कीट चहाबरोबरच खायचं, आणि चहानं तर जेवणातलं लोह अंगी लागायचं बरंच कमी होतं.

राग ह्याचा आला की हे आपल्या सोलापुरात विकतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी इथनं तासाभरावर पिकते, तिला जीआय म्हणजे त्या गावच्या खास मालाचं सरकारी मानांकन मिळालंय, आणि आपणच कणसाचं चित्र बघून मैदा घ्यायचा! ब्राऊन ब्रेड, डायजेस्टिव्ह, फळांचं पाकिटातलं ज्यूस, ह्यांच्या पण मागची बाजू एकदा वाचून बघा.

भाकरीनं सगळं भागतं असं पण मी म्हणत नाही. एका भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ, त्यात लोह दोन-अडीच मिलिग्रॅम, म्हणजे गोळ्या बंद करून चालणारच नाही. पण पोटाला आधार राहतो, साखर नाही, आणि सोबत शेंगा चटणी असली की शेंगदाण्याचं प्रोटीन मिळतं.

आता आमच्या गल्लीतल्या मावशींकडनं कडक भाकरी घेते. त्यांच्या भाकरीला पाच पैकी पाच. पापडासारखी पातळ, मोडली की कटकन आवाज येतो, डब्यात घट्ट झाकून ठेवली तर कितीतरी दिवस टिकते, सकाळच्या घाईत थापायची कटकट नाही. जाऊबाई एक भाकरी चुरून त्यावर चटणी, कांदा आणि अर्धं लिंबू पिळून खातात, लिंबानं लोह अंगी लागायला मदत होते. चहा कारखान्यात गेल्यावर, तासाभरानं. पहिले दोन दिवस चहा नाही म्हणून डोकं धरलं होतं त्यांनी, आता म्हणतात, "अगं, अकरा वाजता हात थरथरायचे ते थांबले."

बिस्किटाला पाच पैकी दोन, ते पण चवीचे. पोरांना खाऊ म्हणून कधीतरी घ्या, पण अशक्तपणा असलेल्या बाईच्या नाष्ट्याला नको. दुसरं पाकीट अजून फोडलं नाही, दुकानदाराला परत घेता का विचारणार आहे.