इम्प्लांटचं स्टिकर हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका

आमच्या आबांच्या खालच्या जबड्यात 4 इम्प्लांट, म्हणजे पक्के दात बसवण्यासाठी हाडात घातलेले टायटॅनियमचे स्क्रू, आहेत आणि ते कोणत्या कंपनीचे आहेत हे आज कुणालाही सांगता येत नाही. पैसे घेतले ते 'जर्मन कंपनी, आयुष्यभराची गॅरंटी' असं सांगून, 1,60,000 रुपये. तासगाव, विटा, पलूस भागात कुणी इम्प्लांटच्या विचारात असेल तर आधी हे वाचा.

आमच्या गावात समाजमंदिरात मोफत दंततपासणी शिबिर लागलं होतं. आबांच्या खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी गेलेल्या. काढता-घालता येणारी कवळी हिरडीला घासायची, शाळूची भाकरी दुधात कुस्करून खावी लागायची. शिबिरातल्या माणसानं तोंडात आरसा घालून बघितलं आणि लगेच सांगितलं, "काका, हाड एक नंबर आहे तुमचं. आज नाव नोंदवलं तर निम्म्या दरात करून देतो." आरशातून हाड दिसत नसतं. बेदाण्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, नुकतीच हातात आली होती, आणि गावात कुणाची पट्टी कधी येते हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिबिर नेमकं त्याच दिवसांत लागलं, याचा मला अजून राग येतो.

सांगलीतल्या त्यांच्या दवाखान्यात सगळे पैसे आधी भरून घेतले. पावतीवर फक्त 'दंत उपचार'. दुसऱ्या पावतीवर 'थ्रीडी स्कॅन'. प्रत्यक्षात काढला होता ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एक सपाट एक्स-रे. थ्रीडी म्हणजे सीबीसीटी, तो स्कॅन वेगळा. त्यात हाडाची रुंदी कळते आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस किती खोलवर आहे तेही मोजता येतं. ती नस दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर होते. आबांच्या नसेला धक्का लागला नाही, हे केवळ नशीब. त्यांना साखर आहे, तंबाखूही खातात. या दोन्हींमुळे इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, तरी तीन महिन्यांची साखर दाखवणारी रक्ततपासणीसुद्धा कुणी करायला सांगितली नाही.

ऑपरेशन रविवारी 'पुण्याचे सर' येऊन करायचे. बाहेरचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, यात गैर काही नाही, चांगले दवाखानेही असं करतात. पण नाव विचारलं तर "सर फार मोठे आहेत" एवढंच उत्तर. कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही.

इम्प्लांट हे शास्त्रच खोटं, असं माझं अजिबात म्हणणं नाही. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवतं हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांनी ओळखलं आणि 1965 साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हाडानं स्क्रू धरायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. मग त्यावर ॲबटमेंट नावाचा जोडतुकडा बारीक स्क्रूनं आवळतात आणि त्यावर दाताची कॅप बसते. आबांचंही इथपर्यंत नीट पार पडलं. वर्षभर ते भाकरी चावून खात होते.

मग डाव्या बाजूची एक कॅप हलायला लागली. दवाखान्यात फोन केला तर पुण्याचे सर येणं बंद झालेलं. म्हणून मिरजेला दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, "घाबरू नका, इम्प्लांट पक्का आहे. आतला बारीक स्क्रू सैल झालाय, आवळला की झालं." कॅपचं भोक उघडून त्या ड्रायव्हर लावू लागल्या. त्यांच्याकडचा एकही ड्रायव्हर बसेना. बहुतेक कंपन्यांचा स्क्रू वेगळा, त्याचा ड्रायव्हर वेगळा, जोडतुकडाही वेगळा. त्यांनी इम्प्लांटची माहिती असलेलं कार्ड मागितलं. आमच्याकडे कसलंच कार्ड नव्हतं. एक्स-रेवरचे आटे बघून त्यांनी कंपनी ओळखायचा प्रयत्न केला, पण सारख्या दिसणाऱ्या नकला इतक्या आहेत की खात्रीनं सांगता येईना.

काही मिनिटांचं काम, आणि ते करता येत नाही. मॅडम म्हणाल्या, स्क्रू आत तुटला तर इम्प्लांटच काढायची वेळ येऊ शकते, आणि हाडात घट्ट बसलेला इम्प्लांट कोरून काढताना भोवतालचं हाडही जातं. सत्तरीच्या माणसाला हे ऐकावं लागलं.

इम्प्लांटच्या पाकिटात सोलून काढायची स्टिकर येतात. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये, लॉट क्रमांक, मुदत असं सगळं छापलेलं असतं. एक स्टिकर दवाखान्याच्या फाइलला लागतं, एक रुग्णाच्या कार्डावर. ऑपरेशनच्या आधी सीलबंद पाकीट बघायला मागा, आणि स्टिकर लावलेलं कार्ड त्याच दिवशी घरी घेऊन या. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. शेवटचा हप्ता कार्ड मिळाल्यावरच. आणि कंपनीचं नाव आधी कळलं तर सांगली-मिरजेत आणखी कोणते डॉक्टर तीच कंपनी वापरतात ते विचारून ठेवा. उद्या तुमचे डॉक्टर गाव सोडून गेले तर हीच माहिती उपयोगी पडेल. दुसरं मत हवं असेल तर सांगलीत आणि कराडजवळ मलकापूरला दंत महाविद्यालयं आहेत.

दवाखान्यानं आम्हाला सांगितलं, फाइल पुण्याच्या सरांकडे आहे. पुढच्या खेपेला म्हणाले, चारही कॅप नव्यानं करू, वेगळा खर्च येईल. तेव्हा आम्ही तक्रारीचा रस्ता धरला. पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे सुप्रीम कोर्टानं 1995 सालीच स्पष्ट केलंय. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दलची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे करता येते. डॉक्टर खरोखर नोंदणीकृत आहेत का, हेही तिथेच कळतं.

त्याआधी दवाखान्याला लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतली. कुणाला लागला तर मजकूर जशाच्या तसा उतरवून घ्या: "माझ्या जबड्यात बसवलेल्या चारही इम्प्लांटच्या कंपनीचे नाव, मॉडेल, व्यास, लांबी व लॉट क्रमांक, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक, तसेच सर्व एक्स-रे व स्कॅनच्या प्रती मला लेखी मिळाव्यात." उत्तर आलेलं नाही. शिक्क्याची ती प्रत आम्ही आयोगाकडच्या तक्रारीला जोडली आहे.